झुगरेमामांनी गाडी काढली नाही

काशिनाथ झुगरे यांच्याविषयी चांगलं बोलणारं माणूस आमच्या भागात आता शोधूनही सापडणार नाही. मोखाडा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात ते ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर होते आणि मी नर्स. केंद्राचं नाव लिहीत नाही. माझ्याबरोबरची माणसं अजून तिथे काम करतात आणि त्यांची घरं त्याच नोकरीवर चालतात.

आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मामा म्हणावं असं प्रेमळ त्यांच्यात काही नव्हतं. वयाने मोठ्या आणि हुद्द्याने लहान असलेल्या माणसाला सरकारी जागेत जी हाक मारतात, तीच ही हाक. बुटका बांधा, पुढे काढलेली छाती, आणि खाकी शर्टाला अशी इस्त्री की कॉलरने गळा कापावा. क्वार्टरमध्ये वीज नसली तर पितळेच्या तांब्यात निखारे भरून ते शर्ट दाबायचे, पण चुरगळलेल्या शर्टाने स्टिअरिंगवर बसायचे नाहीत. गाव जव्हार तालुक्यात, साखरशेतच्या बाजूला. घरी भात आणि नाचणी. तरुणपणी ठाण्या-भिवंडीकडे टेम्पो चालवून आलेले, त्यामुळे राग आला की मामांची भाषा बदलायची. "पीछे हटो, पीछे हटो," असं ते पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनाही सांगत, आणि ज्यांना हिंदीचं अक्षर कळत नसे तेही मागे सरत.

माझा पहिला दिवस मला स्वच्छ आठवतो. लसींचा डबा गाडीत ठेवून मी दार लावलं. मामा खाली उतरले, वळसा घालून आले, मी लावलेलं दार त्यांनी पुन्हा उघडलं आणि बाजूला उभे राहिले.

"आता लावा. हळू."

मी जव्हारच्या बाजारपेठेत वाढलेली मुलगी. वडिलांचं किराणा दुकान. मला असं कोणी सांगितलेलं नव्हतं. मी दार हळू लावलं.

"घरचं दार आपटता काय तुमी?" एवढं बोलून ते जाऊन बसले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी माझ्याशी दुसरा शब्द काढला नाही.

ओल्या चपलांनी पुढच्या सीटवर बसायचं नाही. गाडीत डबा उघडून खायचं नाही. आरशाला हात लावायचा नाही. हे नियम आम्हाला होते, डॉक्टरांना होते, आणि पोट धरून आलेल्या बाईच्या सासूलाही होते. दुसऱ्या कुठल्याही ड्रायव्हरविषयी मामांचं मत चांगलं नव्हतं. जव्हारच्या स्टँडवर टपापर्यंत माणसं भरलेली जीप दिसली की ते खाली उतरून त्या ड्रायव्हरला गाठत आणि भर लोकांत त्याची लाज काढत. एकदा एकाने त्यांची कॉलर धरली. मामांनी कॉलर सोडवून घेतली, सारखी केली आणि राहिलेलं वाक्य पूर्ण केलं.

त्यांचं एक वाक्य सगळ्या केंद्राला पाठ होतं. "चालायचं काय कौतुक? उतारावर दगडपन चालतो. थांबते ती गाडी."

आणि रोज सकाळचा तो कार्यक्रम. इंजिन बंद ठेवून ते ब्रेक दाबत राहत. दाबून दाबून पेडल घट्ट झालं की पाय तसाच रोवून चावी फिरवत, आणि इंजिन सुरू झाल्या झाल्या मोठ्याने म्हणत, "बसला." अंगणात तोंड धुणाऱ्या माणसांना रोज हे ऐकू यायचं. मी एकदा विचारलं, काय बसलं? मामांनी असा चेहरा केला की बूस्टर हा प्रकार त्यांनीच शोधून काढला असावा.

"इंजिन चालू असताना बूस्टर आपल्या पायाला मदत करतो. ती मदत आपन आधी संपवायची. मग पाय दाबून ठेवायचा नि चावी मारायची. मदत परत आली की ब्रेक पायाखाली जरासा बसतो. नाय बसला, तर समजायचं की आता आपला पाय एकटा हाय."

"मग काय होतं?"

"गाडी थांबते तरी. पन तिला पायजे तेव्हा थांबते. आपल्याला पायजे तेव्हा नाय."

मामांचा हट्ट नुसता ब्रेकपुरता असता तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं. पण त्यांना सगळ्याच गोष्टी सारख्याच मोठ्या वाटायच्या. एकदा सूर्यमाळकडे आरोग्य शिबिर होतं. मंडप, हारतुरे, उद्घाटनाला पुढारी. आमच्या डॉक्टरांना तिथे वेळेवर पोहोचायचं होतं आणि मामांनी गाडी काढायला नकार दिला, कारण एक वायपर चालत नव्हता. दसरा उलटून गेलेला. आभाळात ढग म्हणून नव्हता.

"पाऊस आला तर?" मामा म्हणाले.

डॉक्टर मोटारसायकलवर बसून गेले. भुवयांपर्यंत धूळ घेऊन पुढाऱ्याच्या शेजारी उभे राहिले. ही गोष्ट तालुक्यात पसरली, जिल्ह्याला पोहोचली, आणि तेव्हापासून मामांच्या प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर मिळू लागलं. आज काय, वायपर का?

मी हे सगळं बघत होते आणि मलाही हसू यायचं. पण गाडीत पेशंट असला की हा माणूस दुसराच व्हायचा, हेही मी बघत होते. खड्डा किती आणि कुठे, हे त्यांना हातावरच्या रेषांसारखं माहीत. मागे टांगलेली सलाइनची बाटली हलली तर ते आरशातून पाहत आणि आणखी हळू घेत. एकदा वाटेतच एक बाई बाळंत व्हायला लागली. मामांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले, गाडीकडे पाठ केली आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. समोरून एसटी आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तर त्याला म्हणाले, "वाजवू नको. आत बाई घाबरंल." पोर रडल्याचा आवाज येईपर्यंत एसटी उभी होती, तिच्यामागे एक ट्रॅक्टरही. नंतर त्यांनी आपल्या थर्मासमधला चहा त्या बाईला दिला. आणि केंद्रावर आल्यावर सीटला लागलेल्या रक्तावरून तिच्या नवऱ्याला झापलं. मग त्याला हात लावू न देता सीट स्वतः धुतली.

ब्रेक घट्ट झाला तो उन्हाळ्याच्या शेवटी. विहिरी तळाला गेलेल्या, टँकरची वाट बघणाऱ्या हंड्यांच्या रांगा, आणि आम्ही जुलाबाच्या पेशंटांना इकडून तिकडे नेत असायचो. एका सकाळी चावी फिरली, इंजिन सुरू झालं, आणि "बसला" काही ऐकू आलं नाही. मी दारात आले. मामा इंजिन बंद करत होते, पुन्हा दाबत होते, पुन्हा चावी मारत होते.

"सिस्टर, या जरा. पाय ठेवा."

मी बसले आणि दाबलं. भिंतीला पाय लावल्यासारखं झालं. जोर केला तेव्हा कुठे जरासं गेलं.

मामांनी बॉनेट उघडलं. इंजिनापासून बूस्टरकडे जाणारा रबरी पाइप बोटांनी चाचपला, वाकवून पाहिला आणि निकाल दिला, "पाइपच गेलाय. आतून फुगलाय. हवा खेचत नाय." निकाल देताना अंगणात चारचौघं होते, हे त्यांना बरं वाटलं. जव्हारहून नवा पाइप आणला, स्वतः बसवला, हात पुसत पुसत सगळ्यांना सांगितलं की आता बघा. दुसऱ्या सकाळी सगळे बघत होते. पेडल तसंच. आमचे कंपाउंडर मोठ्याने हसले, आणि मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

मग जव्हारचा बाळू मेस्त्री आला. बाजाराच्या दिवशी इकडे आला होता, मामांनीच बोलावून घेतलं, पण असं दाखवलं की तो सहज आला. बाळूने मामांना पेडल दाबून धरायला सांगितलं आणि स्वतः गाडीत उलटा वाकून पेडलच्या मागे कान लावला. मलाही ऐकवलं. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तशी बारीक, न थांबणारी शिट्टी.

"बूस्टरच्या आतला पडदा फाटलाय, मामा. पाइपाचा काय संबंध नाय. बूस्टर बदलायला लागेल."

मामांचा चेहरा पडला. बूस्टर गेला याचं दुःख नव्हतं. तो दुसऱ्याला सापडला याचं होतं. मग ते म्हणाले, "तू बदलशील?"

"अर्ध्या सकाळचं काम. पन सरकारी गाडी. मी नट खोलला तर उद्या तुमीच अडकाल."

ते खरं होतं. गाडी ज्यांच्याकडे दुरुस्तीला द्यायची ते वर ठरलेलं, बाहेरच्याने हात लावायचा नाही. डॉक्टरांनी फोन केला. आमचे डॉक्टर तरुण होते, नाशिककडचे, हाताला चांगले, पण वरून फोन आला की उभं राहून बोलणारे. गाडी गेली. आम्ही तेवढे दिवस गाडीशिवाय काढले. गाडी परत आली ती धुऊन पुसून, ब्रेक ऑइल भरून, चाकांतले ब्रेक शू नवे घालून. सोबत निरोप, गाडी ओके आहे.

मामांनी सगळ्यांसमोर चावी फिरवली. पेडल तसंच होतं.

"शू कशाला बदलले?" ते ओरडले. "शूला काय झालं व्हतं? मी बूस्टर सांगितला व्हता!"

डॉक्टरांनी पुन्हा फोन केला. मी तिथेच होते. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण डॉक्टर कसनुसे हसले आणि म्हणाले, "हो सर, तोच ड्रायव्हर. वायपरवाला."

त्यानंतर पुष्कळ दिवस मामांनी तीच गाडी तशीच चालवली, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. उतार आला की पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगाने. मागून येणारे हॉर्न वाजवून शिव्या देत पुढे जायचे. वळणावर मामा सीटवरून अर्धे उठून सगळं अंग पेडलवर टाकायचे. त्यांचा उजवा गुडघा सुजला. मी मलम दिलं तर म्हणाले, "मलम बूस्टरला लावा."

आमचं केंद्र घाटाच्या अगदी तोंडावर आहे. फाटकातून बाहेर पडलं की उतारच. जव्हारच्या मोठ्या दवाखान्यात जायचं तर पहिली गोष्ट ती.

श्रावणातली गोष्ट. मामा एका पेशंटला पोहोचवून रिकामी गाडी घेऊन परत येत होते. रस्ता ओला, धुकं उतरलेलं. वाटेतल्या एका उतारावर वळणापलीकडे शाळेतून परतणारी पोरं रस्ताभर पसरून चालली होती. मामा पेडलवर उभे राहिले. गाडी थांबली नाही. त्यांनी ती डोंगराच्या अंगाला घातली, चरात एक चाक गेलं, कडेचा पत्रा दरडीला घासला, तेव्हा थांबली. पोरं हसली आणि पुढे गेली. त्यांना काही कळलंच नाही.

हे मामांनी मला चहा पिताना सांगितलं. मग ते उठले, डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि चावी टेबलावर ठेवली.

"साहेब, आता मी ही घाटात नेनार नाय. बूस्टर आना, मग नेतो."

"मामा, उद्या बोलतो मी वरती."

"बोला."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बोलले की नाही, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी वनिता आली.

लांबच्या पाड्यावरची, पहिलटकरीण. नवरा देवराम आणि सासू तिला पहाटेपासून चालवत, मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर मध्ये बसवून घेऊन आले होते. दुपारी ती बाळंत झाली. मुलगी. चांगली रडली. आणि वार पडल्यावर वनिताचं रक्त थांबेना. जे करायचं असतं ते आम्ही सगळं केलं. डॉक्टरांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्यांनी मान वर करून मला सांगितलं, "हिला जव्हारला न्यायला हवं. आत्ता. मामांना सांगा."

मी धावत बाहेर गेले. मामा व्हरांड्यात उभे होते. त्यांना सांगायची गरज नव्हती.

"दुसरी गाडी बोलवा, सिस्टर."

"ती कुठे आहे माहीत नाही. वेळ नाही, मामा."

"ही गाडी घाटात थांबायची नाय. काल रिकामी व्हती तरी थांबली नाय. आज आत सहा मानसं बसतील."

डॉक्टर बाहेर आले. ते आधी समजावून बोलले, मग ओरडले, मग नोकरीचं नाव काढलं. मामा एकाच जागी उभे. देवरामने त्यांचे पाय धरले. "बाबा, परवा तर चालवली व्हती तुमी. मी पाह्यली व्हती गाडी. मंग आज का नाय?"

मामा खाली वाकून त्याचे हात सोडवत होते आणि सुटत नव्हते. "उठ पोरा. उठ. मी सगळ्यांना घेऊन दरीत जाईन."

"चावी आणा ती!" डॉक्टर म्हणाले.

"चावी तुमच्या टेबलावर हाय साहेब," मामा म्हणाले. "तुमालापन येते चालवायला."

डॉक्टरांकडे स्वतःची मोटार होती, नाशिकला घरी. सुट्टीला गेले की चालवायचे. ते खोलीत गेले आणि चावी घेऊन बाहेर आले. गाडीकडे पाहिलं. फाटकाबाहेरच्या धुक्याकडे पाहिलं. मग चावी पँटच्या खिशात टाकली आणि वनिताकडे परत गेले. त्यांना तिला सोडून जाता आलं नसतं, हेही खरंच. मी त्यांना दोष देत नाही. पण चावी खिशात गेली ती मी पाहिली.

देवराम खासगी जीप शोधायला धावला. गावातली एकुलती जीप माणसं घेऊन त्र्यंबककडे गेली होती. कंपाउंडरांनी फोन करकरून मागवलेली दुसरी ॲम्ब्युलन्स आली तोवर अंगणातल्या उजेडाचा रंग बदलला होता. मी वनिताबरोबर बसले. घाट आम्ही उतरलो. पलीकडचा चढ चढलो. जव्हारची घरं दिसायला लागली तेव्हा तिचा हात माझ्या हातात गार झाला होता. मी कोणालाच काही बोलले नाही. ड्रायव्हर तसाच जोरात जात राहिला.

दोन दिवसांनी पाड्यावरची माणसं आली. त्यांनी डॉक्टरांना काही म्हटलं नाही, वरच्या साहेबांना तर त्यांनी पाहिलंच नव्हतं. दगड पडले ते मामांच्या क्वार्टरवर. दारावर कुणीतरी कोळशाने 'खुनी' लिहिलं. मामांची बायको हिराबाई हापशीवर गेली की बाकीच्या बाया हंडे उचलून बाजूला व्हायच्या. पाणी भरून ती परत निघाली की मग पुढे यायच्या. मामांना निलंबित केलं, चौकशी लागली.

चौकशीला एक साहेब आले. बोलायला सौम्य, कपाळावर गंध. त्यांनी गाडी बाहेर काढायला लावली आणि आपल्या ड्रायव्हरला अंगणात चालवायला सांगितलं. अंगण सपाट. ड्रायव्हरने गाडी हातपंपापर्यंत नेली आणि थांबवली. परत आणली आणि थांबवली.

"थांबते की," साहेब म्हणाले.

"साहेब," मामा म्हणाले. त्या दिवशीही शर्टाला कडक इस्त्री होती. "ह्याला विचारा, किती जोर लावला."

त्या ड्रायव्हरने जमिनीकडे पाहिलं. "ब्रेक थोडा टाइट आहे, सर."

"टाइट म्हणजे चांगलाच ना?"

मामा पुढे झाले आणि त्यांनी पुढचं दार उघडलं. "बसा साहेब. मी चालवतो. घाट उतरून दावतो तुमाला. चढून परत आनतो. तुमी फकस्त बाजूला बसा."

धुकं फाटकापर्यंत आलेलं होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मला जिल्ह्याला पोहोचायचंय," ते म्हणाले. मामा दार धरून उभेच राहिले. मग त्यांनी ते लावलं. हळू.

मला आत बोलावलं तेव्हा मी सगळं सांगितलं. पेडलवर पाय ठेवला होता, शिट्टी ऐकली होती, बाळू मेस्त्री काय म्हणाला तेही सांगितलं.

"तुम्ही मेकॅनिक आहात का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग जेवढं तुमच्या कामातलं आहे तेवढंच सांगा."

गाडी चालण्यायोग्य होती आणि ड्रायव्हरने कर्तव्यात कसूर केली, असं ठरलं. मामा केंद्र सोडून गावी गेले. एका टेम्पोत त्यांचं सामान भरलं, मामा मागे सामानाशेजारी बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, नवा ड्रायव्हर रुजू व्हायच्या आधी, दुरुस्तीवाले दोघे जण सकाळी आले. त्यांना कोणी बोलावलं, कोणी परवानगी दिली, हे कोणी बोललं नाही. त्यांनी नवा बूस्टर बसवला. ओपीडी संपायच्या आत ते निघूनही गेले. काढलेला बूस्टर मागच्या भिंतीशी पडला होता, गंजलेल्या डब्यासारखा. नंतर मी गाडीत जाऊन बसले, इंजिन बंद ठेवून दाबत राहिले, पाय रोवला आणि चावी फिरवली. पेडल पायाखाली अलगद बसलं. मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. मग खाली उतरले, कारण इंजेक्शनं द्यायची होती.

डॉक्टरांनी बदली करून घेतली. जाताना मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही समजू शकता." मी मान हलवली. काय समजायचं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी एकदा मामांच्या गावी गेले होते. नाचणीची कापणी चालली होती. हिराबाईने चहा केला. मामा बोलायला तयार नव्हते. गुडघा कसा आहे विचारलं तर "हाय" म्हणाले. मी त्यांना बूस्टर बदलल्याचं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. ते हातातल्या कणसांतले दाणे चोळत राहिले.

"म्हंजे माझं बरोबर व्हतं," ते म्हणाले.

"होतंच, मामा."

"पन पोचलो पन असतो, सिस्टर. पैल्या गिअरमधी, हळूहळू. हँडब्रेक लावत. इतके दिवस उतरवलीच ना? त्या दिवशीपन कदाचित उतरली असती."

"आणि नसती उतरली तर?"

"तर मंग मना कोनी इचारलंच नसतं." त्यांनी दाणे सुपात टाकले. "वायपर नसता झाला तर बूस्टर वेळेवर आला असता. असं हिरा म्हनते."

हिराबाई चुलीपाशी होती. तिने वर पाहिलं नाही.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या पावसाळ्यात, मोखाड्याच्या बाजारात. एका कडेला गोणपाट टाकून, करटोल्यांची पाटी पुढे घेऊन बसले होते. मला ओळखायला वेळ लागला. दाढी वाढलेली, बनियनवर जुना स्वेटर, खाकी नाही की इस्त्री नाही. इतक्या लांब बाजाराला का येता, असं मी विचारणार होते. पण जव्हारला त्यांना सगळे ओळखतात, हे माझ्या लक्षात आलं आणि मी विचारलं नाही. मी शेजारी उकिडवी बसले. आम्ही पावसाबद्दल बोलत होतो.

तेवढ्यात एक म्हातारी पाटीसमोर येऊन टेकली. बोटाला धरून एक छोटी मुलगी. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. करटोली ती नाकाजवळ नेऊन बघत होती. मी मुलीकडे पाहिलं आणि मग म्हातारीकडे. वनिताची सासू. मामांकडे पाहिलं. त्यांनी तिला माझ्या आधीच ओळखलं होतं. त्यांचा तराजू हातातच राहिला होता.

"ताजी हायत ना रे बाबा?" म्हातारी म्हणाली. "नातीला आवडतात. आई नाय तिला. जल्मली त्याच दिशी गेली. दवाखान्याचे डायवरनी मारली. गाडी व्हती दारात, काढली नाय मेल्यानी."

मामा काही बोलले नाहीत. त्यांचा आवाज तिने त्या दिवशी ऐकला होता. त्यांनी तराजूत करटोली घातली, तोलली, तिच्या पिशवीत ओतली. मग पाटीत उरलेली सगळी, दोन्ही हातांनी, तिच्याच पिशवीत भरली.

"अरं, येवढी कशाला?" पिशवी जड लागली तशी म्हातारी चमकली. तिने पदराच्या गाठीतून पैसे काढले. मामांनी ते घेतले. घेतले नसते तर तिने आणखी काही विचारलं असतं. म्हातारीने हात पुढे करून त्यांचं डोकं चाचपलं. "देव तुझं भलं करो रे बाबा," ती म्हणाली, आणि नातीला घेऊन गर्दीत गेली. मुलगी वळून वळून पाटीकडे बघत होती.

मामांनी गोणपाट झटकलं, घडी घातली आणि रिकामी पाटी डोक्यावर घेतली.

"आता हा बाजारपन गेला, सिस्टर," ते म्हणाले, आणि एक पाय ओढत जव्हारच्या रस्त्याला लागले.